करवीरच्या तिजोरीवरील बोजा

कोल्हापुराहून निघालेला गाडीरस्ता वळसे घेत घेत पन्हाळगडावर जेथे पोचतो, तेथे एके काळी चार दरवाजा नावाची भक्कम वेस होती. एकामागून एक दरवाजे ओलांडल्याखेरीज गडात पाऊल पडू नये, अशी तिची रचना. आज तेथे भग्न भिंतींचे काही अवशेष उरले आहेत, आणि तीन दरवाजा व अंबरखाना पाहण्याच्या घाईत असलेल्या बहुतेक प्रवाशांना आपण कशावरून पुढे आलो याची दादही नसते. १८४४ साली गडकऱ्यांचा उठाव मोडताना इंग्रजांनी ही वेस जमीनदोस्त केली, इतके वाटाडे सांगतात. परंतु त्या कामी जी फौज चालून आली, जो दारूगोळा उडाला, ज्या तोफा घाटरस्त्यांनी ओढून आणाव्या लागल्या, त्या साऱ्याचा खर्च पुढे करवीर दरबाराच्याच खाती नावे पडला, ही गोष्ट कोणाच्या कथनात सहसा येत नाही.

लढाया, तह आणि वंशावळी यांनी आपल्या संस्थानांचे इतिहास भरून गेले आहेत. कर्जरोख्यांचा, तारण ठेवलेल्या महालांचा आणि वसूलबाकीचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. वास्तविक एखादे लहान राज्य बलाढ्य सत्तेच्या कच्छपी कसे लागते हे जाणून घ्यावयाचे, तर रणांगणापेक्षा फडनिशीच्या दप्तरात अधिक उलगडा होतो. पराभूत राजा एका दिवसात पराभूत होतो. ऋणको राजा मात्र वर्षानुवर्षे पराभूत होत राहतो, आणि त्याच्या पराभवाचे हप्ते नांगर धरणारा माणूस भरीत असतो. आजच्या बेटवजा गरीब देशांच्या कर्जाविषयी जे वाचावयास मिळते, त्याची पूर्वपीठिका पंचगंगेच्या खोऱ्यात बसूनही समजू शकते, असे मला वाटते ते याच कारणाने.

करवीर राज्याला बेटाची उपमा देणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, कारण समुद्र येथून सह्याद्रीपलीकडे राहिला. पण अठराव्या शतकात समुद्र करवीरकरांचाच होता. १७३१ च्या वारणेच्या तहाने छत्रपतींच्या घराण्यातील दोन शाखांच्या सीमा ठरल्या, त्यानंतर कोल्हापूरच्या गादीकडे सिंधुदुर्ग आणि मालवणचा किनारा राहिला, व त्या किनाऱ्यावरून निघणारी गलबते येणाऱ्याजाणाऱ्या व्यापारी जहाजांना अडवून माल उतरवून घेऊ लागली. मुंबईकर इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. दरबाराच्या दृष्टीने तो आपल्या पाण्यावरील हक्क होता. न्याय कोणाच्या बाजूने होता हा वाद येथे नको. एवढे खरे की दोन्ही बाजूंनी हात पुरेसे स्वच्छ नव्हते. १७६५ मध्ये इंग्रजांनी आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असे नावही देऊन टाकले, आणि पुढच्याच वर्षी करवीरच्या जिजाबाई राणीसाहेबांशी तह करून, खर्चाची भरपाई घेण्याच्या अटीवर, तो परत केला. किल्ला घ्यावयाचा, घेण्याचा खर्च किल्लेदाराकडून मागावयाचा, आणि रक्कम ठरली की किल्ला परत द्यावयाचा: पुढील शंभर वर्षांच्या व्यवहाराचा हा पहिला कित्ता म्हणावा लागेल.

१७९२ मध्ये दुसरा तह झाला. त्यात इंग्रज व्यापाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई दरबाराने मान्य केली आणि मालवण व कोल्हापूर येथे वखारी घालण्यास परवानगी दिली. १८१२ च्या तहाने तर मालवणच गेले. त्या मोबदल्यात ईस्ट इंडिया कंपनीने बाहेरच्या शत्रूंपासून संरक्षणाची हमी दिली, आणि जे राज्य समुद्राला लागून होते ते समुद्राला पारखे होऊन, पेशवाईच्या अस्तानंतर, चहूकडून कंपनीच्या अंमलाने वेढले गेले. बेट झाले ते असे. भोवतीच्या पाण्यावर जसा बेटवासीयांचा ताबा नसावा, तसा सभोवारच्या जकातींवर, नाण्यावर आणि बाजारभावावर करवीरचा ताबा उरला नाही. राज्यात कितीही शहाणपणाने कारभार केला तरी त्याचे हिशेब शेवटी बाहेरच्या भावाने मोजले जाणार, अशी ती स्थिती होती.

शहाजी ऊर्फ बावासाहेब महाराजांच्या कारकीर्दीत या स्थितीला आणखी धार आली. बावासाहेब पराक्रमाची हौस असलेले, पण काळ ओळखण्यात कमी पडलेले राजे होते. शेजारच्या जहागिरदारांवर त्यांनी स्वाऱ्या केल्या, फौज वाढविली, आणि प्रत्येक स्वारीनंतर कंपनीची पलटण सरहद्दीवर येऊन उभी राहिली. १८२६ आणि १८२७ च्या तहांनी त्यांचे हात बांधले: फौज ४०० स्वार आणि ८०० पायदळ एवढ्यावर आणावी, लुटीने ज्यांचे नुकसान झाले त्यांना सुमारे दीड लाख रुपये द्यावेत, आणि ती रक्कम फिटेपर्यंत मुलूख तारण राहावा. यातील दुःखाची बाब ही की पेशव्यांविरुद्धच्या युद्धात करवीरने इंग्रजांना साह्य केले म्हणून चिकोडी आणि मनोळी हे तालुके पूर्वी बक्षीसादाखल मिळालेले होते, तेही याच वेळी काढून घेण्यात आले. बक्षिसाने आलेले दंडाने गेले. ज्या महालांच्या उत्पन्नातून दंड भरता आला असता, तेच महाल दंडापोटी गेल्यावर उरलेल्या मुलखावर किती ताण पडला असेल, हे समजण्यास गणिती असण्याची गरज नाही.

बावासाहेब १८३८ मध्ये निवर्तले, गादीवर अल्पवयीन शिवाजी ऊर्फ बाबासाहेब आले, आणि राज्यकारभार राजघराण्यातील स्त्रियांच्या व कारभाऱ्यांच्या ओढाताणीत सापडला. अखेर कंपनीने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमून सूत्रे त्यांच्या हाती दिली. पंडित कर्तबगार आणि काटकसरी होते, असे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. राज्य कर्जात आहे, तिजोरी रिती आहे, तेव्हा वायफळ खर्च छाटावा आणि मुलकी वसूल एका हाती यावा, ही त्यांची दृष्टी आजच्या कोणत्याही वित्ततज्ज्ञाला पसंत पडण्याजोगी होती. ताळेबंदात शोभणारी काटकसर प्रत्यक्ष जमिनीवर कोणाच्या ताटातील घास उचलते, हा प्रश्न मात्र त्या दृष्टीच्या कक्षेबाहेर राहिला.

तो घास गडकऱ्यांचा होता. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, पावनगड, विशाळगड, रांगणा या किल्ल्यांवर पिढ्यान् पिढ्या पहारा करणारी ही मंडळी. कोणी हवालदार, कोणी सबनीस, कोणी नाईकवडी, आणि त्यांच्या हाताखाली बुरुजाबुरुजावर नेमलेली साधी माणसे. रोख पगार म्हणावा असा त्यांना फारसा नसे. गडाच्या घेऱ्यातील जमिनी त्यांना चाकरीबद्दल तोडून दिलेल्या असत, आणि त्या जमिनीवरील पीक हाच त्यांचा मुशाहिरा. किल्ल्याला लढाऊ महत्त्व उरले नव्हते हे खरे. पण त्या जमिनीला जगण्याचे महत्त्व पूर्वीइतकेच होते. नव्या व्यवस्थेने या जमिनी मामलेदारांच्या हवाली करण्याचा हुकूम काढला. चाकरी निरुपयोगी, तेव्हा चाकरीची जमीनही खालसा, हा तर्क कागदावर बिनतोड होता. गडकऱ्यांनी तो ऐकला आणि १८४४ च्या जुलैत सामानगडाचे दरवाजे आतून लावून घेतले.

गडहिंग्लजपासून थोड्या अंतरावर असलेला सामानगड उंचीने काही अजस्र नाही. माथ्यावर सपाट पठार, कडेला जांभ्या खडकाची तासलेली उभी भिंत, आणि पोटात त्याच खडकात कोरलेल्या विहिरी, ज्यांच्या पायऱ्यांवर कमानीमागून कमान उभी केलेली आहे. त्या कमानींखालून पाण्याकडे उतरत गेले म्हणजे वरचे ऊन हळूहळू मागे पडते, अंगाला गारवा लागतो, आणि थोडी शिबंदी एवढ्या गडावर महिनोन् महिने कशी तग धरू शकली असेल याचा उलगडा होतो. गडकऱ्यांपाशी पाणी होते, धान्य होते आणि गमावण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. बेळगावाहून आलेल्या पहिल्या पलटणींना हात हलवीत परत फिरावे लागले. तोवर भुदरगड पेटला, कोल्हापुरातही गडबड उडाली, आणि वाडीकर सावंतांच्या मुलखात फोंड सावंतांच्या नेतृत्वाखाली तोच वणवा पसरला. अखेर जनरल डेलामोट याच्या हाताखाली मोठी फौज आली, आणि ऑक्टोबरच्या मध्यास सामानगड पडला. बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्यास पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते. त्याची सुटका झाली आणि १ डिसेंबर रोजी तोफांच्या माऱ्याने पन्हाळाही घेण्यात आला. उठावाचा एक पुढारी बाबाजी आहिरेकर तेथे लढता लढता पडला. किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली, गडकरी ही संस्थाच बुडाली, आणि करवीरचा कारभार इंग्रजांच्या पोलिटिकल अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला.

यानंतर हिशेब मांडला गेला. मोहिमेचा खर्च करवीरच्या नावे लिहिण्यात आला, सावंतवाडीचा सावंतवाडीच्या नावे. ज्या व्यवस्थेने उठावाला कारण दिले तिची स्थापना कंपनीने केलेली, तिचा कारभारी कंपनीने नेमलेला, राजा अल्पवयीन असल्याने दरबाराला स्वतःचा निर्णय घेण्याची मुभाच नव्हती. तरी निर्णयाचे कर्ज मात्र दरबाराचे. एखाद्या पालकाने अज्ञान पोराच्या नावावर व्यवहार करून तोटा यावा, आणि पोर वयात येताच तो तोटा त्याच्यापुढे ठेवावा, यापेक्षा या प्रकाराला वेगळे काय म्हणावे? त्या काळच्या कोणत्याही दिवाणी न्यायाधीशाने असला दावा उभा राहू दिला नसता. परंतु राज्याराज्यांमधील दाव्यांना न्यायाधीश नसतो. सावकारच तेथे मुन्सफ असतो, आणि बेलीफही तोच.

नेमक्या याच काळात, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कॅरिबियन समुद्रातील हैती बेटावर याहूनही भयंकर हिशेब वसूल होत होता. तेथील गुलामांनी १७९१ मध्ये उठाव करून, फ्रेंच मळेवाल्यांना आणि पुढे नेपोलियनच्या फौजेलाही हुसकावून, १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य पुकारले होते. एकवीस वर्षांनंतर, १८२५ मध्ये, फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने लढाऊ जहाजांचा तांडा बंदरात उभा करून हैतीच्या अध्यक्षाकडे, जाँ पिएर बोयेर याच्याकडे, फर्मान पाठविले: स्वातंत्र्य मान्य करतो, परंतु मळेवाल्यांच्या नुकसानीबद्दल १५ कोटी फ्रँक पाच हप्त्यांत द्या. त्या नुकसानीत मळे होते, घरे होती, आणि मुख्यतः माणसे होती. म्हणजे जी माणसे आता मोकळी होती, त्यांनीच आपल्या मोकळेपणाची किंमत पूर्वीच्या धन्याला मोजावयाची होती. पहिला हप्ताही हैतीला झेपेना, तेव्हा तो भरण्यासाठी पॅरिसच्याच पेढ्यांकडून ३ कोटी फ्रँकांचे कर्ज घेण्यात आले. हातात पडले २ कोटी ४० लाख. बाकीचे ६० लाख पेढीवाल्यांनी आधीच कापून घेतले. आमच्या सावकारांची मनोती, म्हणजे कर्ज देतानाच कापून घेतलेली रक्कम, त्या मानाने भिडस्त म्हणावयाची. दंडासाठी कर्ज आणि कर्जासाठी पुन्हा कर्ज, असे ते दुहेरी ओझे झाले. १८३८ मध्ये दंडाची एकूण रक्कम ९ कोटींवर आणण्यात आली, तरी या सगळ्या कर्जमालिकेची शेवटची बाकी फिटली ती थेट १९४७ मध्ये.

दोन्ही प्रकरणांत भेद पुष्कळ आहेत, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. करवीरचा ऋणको हा राजवाडा होता, त्याने स्वतःही पुष्कळ उधळले होते, आणि त्याच्या गलबतांनी व स्वारांनी पोळलेले लोक खरोखरच अस्तित्वात होते. हैतीचा ऋणको म्हणजे कालपर्यंत साखळदंडात असलेला मजूर. रकमांतही काही तुलना नाही. परंतु रक्कम कोणाकडून वसूल झाली हे पाहू लागले की दोन्ही चोपड्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. हैतीत बोयेरने १८२६ मध्ये कायदा करून शेतमजुराला मळ्याशी बांधून टाकले, कारण परदेशी जाणाऱ्या कॉफीवरील कर हाच कर्जफेडीचा मुख्य आधार होता. कॉफी पिकविणारा गाव सोडून गेला तर हप्ता चुकणार. करवीरमध्ये इतका उघड कायदा करण्याची जरूर पडली नाही. येथे जमिनीची रचनाच ते काम करीत होती.

ती रचना थोडी समजावून घेतली पाहिजे. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी अशा जहागिरी, देवस्थानांची इनामे, सरदारांचे सरंजाम, वतनदारांची वतने, ब्राह्मणांची अग्रहारे, असा राज्याचा फार मोठा भाग दुमाला, म्हणजे इतरांना तोडून दिलेला, होता. त्यातून दरबाराला मिळे ती जुडी वा नजराणा. भरपूर वसूल येण्याची जागा म्हणजे खालसा गावे. राज्यावर आलेला प्रत्येक बोजा म्हणून सगळ्या राज्यावर न पसरता खालसा गावांच्या रयतेवर साचत असे. जो जमीन कसतो तो सरकारसाऱ्यासाठी सावकाराकडे जातो, सावकार पिकावर डोळा ठेवून पैसे देतो, आणि सुगीत पीक खळ्यावरूनच उचलले जाते. दरबारचे कर्ज अशा रीतीने हजारो लहान लहान कर्जांत विरघळून गावोगाव झिरपत जाई, आणि तेथे ते कोणाच्या डोळ्यांत भरत नसे. पोलिटिकल एजंटाच्या अहवालात खजिना सुधारल्याची नोंद होई आणि ती खोटीही नसे.

येथे एका जुन्या नियमाची आठवण केल्यावाचून राहवत नाही. आपल्या धर्मशास्त्रात दामदुप्पट म्हणून एक मर्यादा सांगितली आहे: थकलेले व्याज कितीही चढले तरी एका वेळी मुद्दलाइतक्याहून अधिक मागता येणार नाही, म्हणजे शंभराचे दोनशे, त्यापुढे नाही. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मान्य केला. आमचे सावकार काही साधुसंत नव्हते, आणि रोखे बदलून, व्याज मुद्दलात मिळवून हा नियम चुकविण्याच्या शंभर वाटा त्यांना ठाऊक होत्या; तरीही ऋणाला कोठेतरी शेवट असावा ही कल्पना समाजाने मान्य केलेली होती. राज्यांच्या आपसांतील कर्जांना मात्र असली मर्यादा कोणत्याच शास्त्राने घातली नाही. पॅरिसच्या पेढ्यांना दामदुप्पट लागू असते, तर हैतीचा इतिहास काही निराळा झाला असता.

बाबासाहेब महाराज १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूने राहिले, आणि १८६२ च्या तहाने कारभार काही अटींवर त्यांच्याकडे परत आला. महत्त्वाच्या प्रत्येक बाबतीत इंग्रज सरकारचा सल्ला मानावयाचा, ही त्यांतली प्रमुख अट. सल्ला हा शब्द मवाळ आहे. पण जुन्या ऋणकोला धनकोने दिलेला सल्ला नाकारता येत नाही, हे कोल्हापूरच्या बाजारातील कोणताही गुळाचा अडत्या सांगेल.

पुढची तीस वर्षे मी येथे ओलांडून जातो. राजे अल्पायुषी ठरले, पोलिटिकल एजंट बदलत राहिले, १८९१ मध्ये मिरजेहून आगगाडी आली, आणि २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी अधिकारसूत्रे हाती घेतली. त्यांच्या कारकीर्दीतील सामाजिक कार्य सर्वश्रुत आहे. त्यांच्या आर्थिक दृष्टीविषयी तितके लिहिले गेलेले नाही. १८९६–९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ आलेला प्लेग यांच्या काळात त्यांनी तगाई वाटली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, विहिरी खोदविल्या. गुळाच्या व्यापाऱ्यांना शाहूपुरीत पेठ वसवून दिली, १९०६ मध्ये सूतगिरणी काढली. १९१२ मध्ये संस्थानात सहकारी संस्थांचा कायदा आला, पुढच्याच वर्षी शहरात पहिली सहकारी पतपेढी निघाली. सावकाराच्या दारात उभा राहणारा माणूस आपल्याच शेजाऱ्यांच्या सभेपुढे कर्जाची मागणी करू लागला, हा पालट थोडा नव्हे. पुढे १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द होऊन पगारी तलाठी आले, तेव्हा जमिनीच्या नोंदी आणि सावकारी यांची जी जुनी सोयरीक होती तीही तुटू लागली.

भोगावतीवरील राधानगरीचे धरण हा याच दृष्टीचा सर्वांत धाडसी भाग. लहानशा संस्थानाने स्वतःच्या हिमतीवर एवढे मोठे काम अंगावर घ्यावे, याची अनेकांनी तेव्हा चेष्टाही केली असेल. शतकाच्या पहिल्या दशकात काम सुरू झाले, आणि १९१८ च्या सुमारास, महायुद्धाच्या महागाईत, पैशाअभावी अर्ध्यावर थांबले. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले. काम पुन्हा राजाराम महाराजांच्या काळात हाती घेतले गेले आणि संस्थान विलीन झाल्यानंतर पुरे झाले. खजिना रिकामा असण्याची ही दोन चित्रे, १८४४ ची आणि १९१८ ची, शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिल्या वेळी जो पैसा गेला त्यातून तट पडले. दुसऱ्या वेळी जो गेला त्यातून अर्धे का होईना एक धरण उभे राहिले, व ज्या रयतेच्या साऱ्यातून तो आला तिच्याच उसाला पुढे त्याचे पाणी मिळाले. अर्थशास्त्री दोहोंना तूटच म्हणतील. राधानगरीच्या खालच्या गावांतील शेतकरी तसे म्हणणार नाहीत.

२००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष जाँ बेर्त्राँ आरिस्तीद यांनी त्या जुन्या दंडाचा हिशेब मांडून फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम परत मागितली. मागणी मान्य झाली नाही, पण ती ऐकणारे एक सरकार तरी पॅरिसमध्ये होते. कोल्हापुरातून असली मागणी कधी निघालीच नाही, आणि आता निघाली तरी अर्ज कोणाच्या नावे करावयाचा हा प्रश्नच आहे. ईस्ट इंडिया कंपनी १८७४ मध्ये विसर्जित झाली. जे संस्थान ऋणको होते ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याबरोबर त्याचे येणे-देणेही. गडकऱ्यांच्या जमिनी तर त्याच्या कितीतरी आधी सरकारजमा झालेल्या होत्या.